एका उखाण्याइतका पाय वर

किन्हीराजा,
माघ वद्य पंचमी, शके १८५९

ती. गं. भा. मनकर्णाताई हिचे चरणी धाकट्या रुख्मिणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिते खरी, पण उजवा गुडघा सध्या जमिनीला टेकत नाही. तेव्हा हा नमस्कार थोडा उणा समज, राहिलेला चैत्रात पुरा करीन.) इकडे सर्व क्षेम. यांचा खोकला गेला, तांबू गाय व्याली, कापूस अजून घरातच आहे. तुझी प्रकृती उत्तम असल्याचं तुझ्या मागच्या तिन्ही पत्रांत अगदी त्याच शब्दांत वाचलं. उत्तमच असेल. तू कधी खोटं लिहीत नाहीस.

रामनवमी झाली की कारंजाला महिनाभर ये, असं तू लिहिलंस. ताई, भाऊजी गेले तेव्हा मी आले होते, त्याला या चैत्रात चार वर्षं होतील. यायला जीव कासावीस झाला आहे, पण तुझी खोली माडीवर आणि मधे एकोणीस पायऱ्या. (त्या दिवसांत रडायला जागा म्हणून मी त्याच जिन्यावर बसत असे, म्हणून मोजलेल्या आहेत.) पाय दुखावल्यापासून मी रोज तो जिना मनात चढते आणि मनातसुद्धा बाराव्या पायरीवर बसकण मारते. तुझ्यापर्यंत पोहोचायचं, एवढ्यासाठी या वयात व्यायाम करते आहे. त्याची जी तऱ्हा झाली ती ऐक.

गुडघा कसा दुखावला हे कुणाला सांगू नकोस. गावात मी ओसरीवर पाय घसरला असं सांगितलं आहे. खरं असं की, दिवाळीला नाती आल्या होत्या, त्यांना मी आपल्या कॉन्व्हेंटच्या गोष्टी सांगत होते. सिस्टर अगाथा पांढरा झगा सावरत शिट्टी फुंकायच्या, मुली रांगेत उभ्या, आणि तू दोरीवर न थांबता दोनशे उड्या मारायचीस, वेणी पाठीवर अशी नाचायची की पहिलीतल्या मुली तुझ्या उड्या सोडून वेणीच मोजत बसायच्या. नाती म्हणाल्या, आजी, तू किती मारायचीस? मी म्हटलं, तुमच्या मावसआजीपेक्षा थोड्या कमी. (एकोणीस. पण तू हे खोडून काढायला तिथे नव्हतीस.) मग वासराचं दावं सोडून आणलं. चौपन्नाव्या वर्षी, नऊवारीत, मी दोन उड्या मारल्या. तिसरीला वर गेले ती बरी गेले, खाली आले तेव्हा गुडघा दुसरीकडेच आला.

वाशीमचे डॉक्टर फार सज्जन. म्हणाले, तीन आठवडे विश्रांती, मग रोज थोडं सपाटीवर चालायचं, उकिडवं अजिबात बसायचं नाही, आणि पाठीवर निजून दुखरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, थोडा वेळ तसाच धरायचा, हळू खाली ठेवायचा. दहा वेळा. सूज आली तर थांबायचं. इतकं साधं ऐकून मला वाटलं, याने काय होणार? आपण सिस्टर अगाथांच्या शिकवणीतल्या. चौथ्याच दिवशी मी कापसाच्या खोलीत शिरले, दार लावून घेतलं (सुनेने पाहू नये म्हणून), आणि शाळेतली ती कमरेवर हात ठेवून खाली बसायची कवायत सुरू केली. एकदा बसले. दुसऱ्यांदा बसले ती बसलेच. उठायला कापसावर हात टेकला तर हात कोपरापर्यंत आत, मग खांदा आत, आणि ताई, मी हळूहळू त्या ढिगात अशी रुतत गेले की शेवटी फक्त अंबाडा वर राहिला असावा. हाक मारावी तर तोंडात कापूस.

मला काढलं भुरीबाईने. ही लमाणांच्या तांड्यावरची, साठीच्या पुढची, दर साली आपल्या शेतात वेचणीला येते. दार ढकलून तिने पाहिलं, घागरा खोचला आणि शांतपणे विचारलं, "बाई, कापूस वेचून राह्यली, का सोताले पेरून राह्यली?"

मग तिने माझा गुडघा मांडीवर घेऊन चाचपला आणि स्वतःचा डावा गुडघा मला दाखवला. ताई, मी पाहतच राहिले. वाटी जागेवर नाही, कडेला सरकलेली. वीस वर्षांपूर्वी गाडीचं चाक लागलं होतं. तोच गुडघा घेऊन ती दिवसभर शेतात वाकते, आणि दर रामनवमीला पोहरादेवीला पायी जाते. मी विचारलं, दुखत नाही? म्हणाली, "दुखते ना. पण दुखण्याची बी चव पाहा लागते. आंबट दुखलं तं चालू दे. तिखट दुखलं तं तिथंच ठेवून दे. तू मिरची खाऊन राह्यली होती आन् कैरी समजून राह्यली होती." डॉक्टरांचं सगळं शास्त्र या बाईने दोन चवींत बसवलं. त्या दिवसापासून मी तिची शिष्या झाले.

तिने पहिला हुकूम सोडला की हे चोरून करायचं नाही, चोरून करणारा माणूस घाई करतो. म्हणून मी सकाळी ओसरीवर जाजम टाकून, पूर्वेकडे तोंड करून पाय उचलू लागले. आता गावात काय झालं पाहा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गोजराबाई नारळ घेऊन आल्या. पाचव्या दिवशी रंगूबाई हळदकुंकू घेऊन आल्या आणि माझ्या उचललेल्या पायाला चक्क कुंकू लावून गेल्या. बाईसाहेबांनी कडक नवस बोलला आहे, एकवीस दिवस निजून पाय उचलायचा आहे, अशी बातमी मालेगावच्या बाजारापर्यंत गेली म्हणे. मी परोपरीने सांगितलं की बायांनो, हा नवस नाही, गुडघा आहे. गोजराबाई म्हणाल्या, "तं मंग मले काहून नाई सांगतलं? माया तं दोनी गुडघे हायेत!"

दुसऱ्या दिवसापासून जाजमावर आम्ही अकराजणी. (डॉक्टरांना मी निरोप धाडला. त्यांनी उलट कळवलं की ज्यांना सूज आहे त्यांना आधी माझ्याकडे पाठवा. दोघींना पाठवलं.) पण अडचण अशी की पाय धरायचा किती वेळ? घड्याळ घरात एक, तेही यांच्या उशाशी. मी इंग्रजी आकडे मोजू लागले तर बाया हसून पाय सोडू लागल्या. तेव्हा गोजराबाईंनी तोड काढली. एक उखाणा होईपर्यंत पाय वर. नवऱ्याचं नाव आलं की खाली. त्यांनीच पहिला पाय उचलला:

"ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी,
पाय माया वरते, पाहून राह्यले नानाजी!"

ताई, सिस्टर अगाथांनाही असं माप सुचलं नसतं. उखाण्याला वेळ अगदी बेताचा लागतो. आणि जी लाजते, नाव गिळते, पुन्हा सुरुवात करते, तिचा पाय तितका जास्त वेळ वर राहतो. रंगूबाईंची सून फार लाजाळू, पंधरा दिवसांत तिची मांडी पहिलवानासारखी झाली. माझी पाळी आली तेव्हा अडतीस वर्षांच्या संसारात चारचौघांत कधी न घेतलेलं नाव मी निजून, पाय वर करून घेतलं:

"पायाला झाली दुखापत, मनाला नाही घाव,
उचलता पाय घेते मी, दौलतरावांचं नाव."

आतून हे धावत बाहेर आले. "काहून, मले बोलावलं का?" हसता हसता सगळ्यांनीच उचललेले अकरा पाय हवेत पाहून तसेच आत गेले. हल्ली मात्र त्या वेळेला ओसरीच्या दाराआड पोथी वाचत बसतात. पान एकच उघडं असतं.

आता जे लिहिते ते विनोदाचं नाही. एके दिवशी उखाण्याची पाळी भुरीबाईवर आली. तिचा हेमसिंग जाऊन अठरा वर्षं झाली. तो गेला त्या दिवशी तिने कानाजवळच्या, सौभाग्याच्या घुगऱ्या उतरवल्या त्या उतरवल्या. नवरा नसलेल्या बाया उखाणा घेत नाहीत. मी म्हणाले, भुरीबाई, तू देवाचं नाव घे. तिने माझ्याकडे पाहिलं, तो मोडका गुडघा सरळ केला आणि पाय उचलला. उखाणा नव्हता, यमक नव्हतं. "हेमसिंग," एवढंच म्हणाली. पण पाय खाली आला नाही. आम्ही सगळ्या पाहत होतो. पाय तसाच, थरथरसुद्धा नाही. मग म्हणाली, "त्याचं नाव काय त्याच्यासंगं जाळलं का मी?" आणि सावकाश, एखादं भरलं भांडं ठेवावं तसा, पाय खाली ठेवला. ताई, मी देवळं पुष्कळ पाहिली, पण असे हात आपोआप कुठे जोडले गेले नाहीत. निजल्या निजल्या जोडले.

पत्र लांबलं. तिथल्या सर्वांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
रुख्मिणी

ता. क. मोटारीने येताना तुला बाकी काय आणू ते कळव. तुरीची डाळ आणि कैऱ्या आणतेच आहे.

ता. क. दुसरा. तुझ्या सुनेचं पत्र पौषात आलं होतं. तिला रागवू नकोस. तू दसऱ्याला जिन्यात पडलीस, डॉक्टरांना गुडघा दाखवू दिला नाहीस, तेव्हापासून खाली उतरली नाहीस आणि ताट वर जातं, हे सगळं मला ठाऊक आहे. 'प्रकृती उत्तम' तिन्ही वेळा वाचून मी तिन्ही वेळा रडले. तेव्हा हे एवढं पुराण मी माझ्या गुडघ्याकरिता लिहिलेलं नाही. आधी डॉक्टरांना दाखव. ते हो म्हणाले की पलंगावरच निजून पाय वीतभर उचल आणि भाऊजींचं नाव घे. विधवेने कसं घ्यावं म्हणशील, तर वरचा मजकूर पुन्हा वाच. जगदेवराव. बघ, मी तुझ्याकरिता एकदा लिहून दिलं.

ता. क. तिसरा. मी चैत्र शुद्ध द्वादशीला पोहोचते. माझ्या डॉक्टरांनी मला नऊ पायऱ्यांची परवानगी दिली आहे, दहावी नाही. तेव्हा मी नऊ चढते, तू दहा उतर. थोरलीला एक जास्त, शाळेपासूनचा नियम. कठड्याला धर, सुनेला पुढे ठेव, आणि भुरीबाई म्हणते ते ध्यानात ठेव: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी नवव्या पायरीवर बसून वाट पाहीन. तू न आल्यास महिनाभर तिथेच बसेन, ताट जिन्यातच पाठव.

ता. क. शेवटचा. नऊ लिहिलं खरं, पण आमच्या माळ्याच्या जिन्यावर आजवर सातच जमल्या आहेत. चैत्राला अजून वेळ आहे. तूही आजच सुरू कर.