पिवळी गाडी

श्रीनगर, २९ डिसेंबर

ती. सौ. मंजुषाताईस,
धाकट्या इंद्रजीतचा सा. न. वि. वि.

फोन का करत नाय म्हणून रागावू नकोस. फोनवर दुसऱ्याच वाक्याला आपलं भांडण होतं आणि मी फोन आपटतो. आतापर्यंत दोन फुटले, तिसरा घेतलाच नाय. कागद आपटला तरी फुटत नाय, म्हणून हे पत्र.

इथं पहाटे खिडकी उघडली की सगळं मुकं असतं. पहिल्याच दिवशी विमानतळाच्या फाटकात बर्फावर घसरून पाठीवर सपशेल आपटलो, तर हसायलासुद्धा ओळखीचं कुणी नव्हतं. तेच जास्त लागलं.

कामाचं विचारलंस. बर्फ लोटायच्या मोठ्या गाड्या पुढं जातात, मागून माझी पिवळी गाडी. तिच्या पोटाखाली एक जादा चाक आहे. ते धावपट्टीला घासत जातं आणि शेजारी बसलेल्या साहेबांच्या पडद्यावर पट्टीची पकड किती, त्याचा आकडा येतो. साहेब टॉवरला कळवतात, टॉवर वैमानिकाला. एक वैमानिक चहा पिताना सांगत होते, निसरड्या पट्टीवर विमान फुलासारखं अलगद टेकवायचं नसतं, ठामपणे टेकवायचं, नायतर चाकं पाण्यावरच तरंगतात. आणि शंका आली तर उतरायचंच नाय, सरळ वर निघायचं. हे मला काय पटलं नाय. एवढं जवळ येऊन माघारी?

राजनंदिनी काय म्हणते? तिच्यावरून वाकडं बोलणाऱ्या त्या पोराचं मी नाक फोडलं, तिसऱ्या वर्षातच कॉलेजला रामराम ठोकला. आणि तिचा तेव्हापासून एक शब्द नाय. विचार तिला. नको, विचारू नको. बरं, विचारच.

आईला, आबांना नमस्कार. तुझी माया आहे तेवढीच राहू दे, इथं दुसरी नाय.

तुझा,
इंद्रजीत


पडेगाव, ६ जानेवारी

चि. इंद्रजीत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. आपटल्याचं गाळलं. आबा पेपरात तोंड खुपसून बसले होते, पण तेवढ्या वेळात पान काही उलटलं नाय. कॉलेजात दोन विषय सुटले नाहीत आणि आता विमानांना पास-नापास करतोस व्हय रे?

वेळेत मिळावं म्हणून हे स्पीडपोस्टनं टाकतेय, आता खाली बसून वाच. राजनंदिनी बिडकीनहून कंपनीच्या बसनं येता येता आपल्याकडं उतरली. तिच्या वडलांनी, आप्पासाहेबांनी, तिच्यासाठी देवगाव रंगारीचं स्थळ काढलंय, पाहुणे संक्रांतीला येणार. तुझं नाव काढलं तर म्हणाली, ताई, नाक फोडणं म्हणजे प्रेम व्हय? मला त्याला एकदा शांत बसलेला बघायचाय. तिनं तिच्या पगारातून श्रीनगरचं तिकीट काढलंय. शनिवारी, अकरा तारखेला, दिल्लीहून दुपारचं विमान. घरी पुण्याला ट्रेनिंग आहे असं सांगितलंय, म्हणून रविवारी रात्रीपर्यंत तिला परत यायलाच पाहिजे. तुझ्याशी समोरासमोर बोलेल आणि मगच वडलांना हो की नाय ते सांगेल.

तेव्हा राजा, त्या दिवशी आवाज चढवू नको. दाढी कर. आणि एक बरा फोन घे आधी, ती म्हणाली तुझा नंबरच लागत नाय.

तुझी काळजी करणं सोडवत नाय, अशी,
ताई


श्रीनगर, १३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

ती आली नाय. म्हणजे आली होती, उतरली नाय.

शनिवारी शेजाऱ्याकडून इस्त्री मागून आणली, दाढी करताना दोनदा कापून घेतलं. फोन रविवारी तिच्यासोबत जाऊन घेऊ म्हणलं, तिच्या पसंतीचा. सकाळभर बर्फ पडला, दुपारी जरा उघडलं. तिचं विमान ढगात घिरट्या घालत होतं, आवाज नुसता डोक्यावर. आम्ही पट्टीवरून गाडी काढली, आकडा मध्यम आला. चालण्यासारखा. साहेबांनी वायरलेस हातात घेतला. तेवढ्यात पार टोकाला गाडी वळवली आणि मागची चाकं वीतभर सरकली. कडेचं वितळलेलं पाणी पट्टीवर येऊन गोठलं होतं, काचेसारखं. खालचं डांबर दिसत होतं म्हणून ते नुसतं ओलं वाटायचं. आमचं मोजायचं चाक त्यावरून गेलंच नव्हतं. साहेबांची नजर पडद्यावर होती. सरकलेलं फक्त मला कळलं, बुडाखाली.

ताई, मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. बहुतेक काय झालंही नसतं. पण त्या ‘बहुतेक’मध्ये ती बसलेली होती. आणि तिच्याबरोबर कुणाकुणाची माणसं.

मी म्हणलं, साहेब, टोकाला पुन्हा एकदा बघू. पुन्हा गेलो, तर आकडा धाडकन खाली आला. साहेबांनी टॉवरला कळवलं, खराब. औषध मारून बर्फ सुटायला तासभर लागणार, तेवढा वेळ वर थांबून मग गरज पडली तर दिल्लीला परतण्याइतकं इंधन विमानात नव्हतं, म्हणून ते आधीच माघारी वळलं. आवाज हळूहळू लांब गेला. साहेबांनी पाठीवर थाप मारली. मला ती थाप नको होती.

मी काहीच आपटलं नाय. गाडीतच बसून राहिलो. तिला बघायचा होता तसा, शांत. बघायला ती नव्हती.

ती पुन्हा येईल का? लवकर कळव.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून,
इंद्रजीत


पडेगाव, २१ जानेवारी

चि. इंद्रजीत यास,
आशीर्वाद.

कसं लिहू तेच कळत नाय. सरळच लिहिते. परतीचं तिकीट श्रीनगरहूनचं होतं, दुसरं मिळेपर्यंत ती दिल्लीत अडकली. रविवारी रात्री घरी आली नाय म्हणून आप्पासाहेबांनी कंपनीत फोन केला, तर ट्रेनिंग वगैरे काही नव्हतंच. सोमवारी तिचा भाऊ जाऊन घेऊन आला. संक्रांतीला ती पाहुण्यांपुढं बसली. माघात साखरपुडा आहे.

मी तीळगूळ घेऊन गेले होते. म्हणाली, दिल्लीहून त्याला सारखा फोन लावत होते, ताई. लागला असता आणि त्यानं नुसतं थांब म्हणलं असतं, तरी दुसऱ्या विमानाची वाट बघितली असती. मग घरी काय व्हायचं ते झालं असतं.

मला राहवलं नाय. तुझं पत्र तिला तोंडी सांगितलं सगळं. मग ती म्हणाली, एकदा ढग फाटले तेव्हा खाली पांढऱ्यावर एक पिवळी गाडी दिसली होती. टोकाला जाऊन परत फिरली. मला वाटलं, किती एकटी आहे ही. एवढंच बोलली. तीळगूळ हातातच धरून बसली होती.

हे लग्न मोडा म्हणून मी कुणाला सांगू शकत नाय. ती पण सांगणार नाय, वडलांना शब्द दिलाय म्हणते. तुझा काय निरोप असेल तर एकच वाक्य लिही. दोन लिहिलीस की भांडशील.

दूर असलास तरी घरचाच आहेस, हे विसरू नको.

तुझी,
ताई


श्रीनगर, ३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

निरोपाचे पाच कागद फाडले. सगळ्यांत मी भांडत होतो. कधी आप्पासाहेबांशी, कधी देवगावच्या पाहुण्याशी, एकात तर तिच्याशीच.

फोन घेतला. नंबर आबांना दे. म्हणावं, आपटणार नाय. त्यांनी केला तर उचलीन, नाय केला तर पुढच्या रविवारी मीच करीन.

काम चालू आहे. बर्फ पडला की पट्टी घासायची, आकडा येईल तो कळवायचा. विमानं उतरतात, माणसं फाटकाबाहेर पळत जातात, कुणीतरी न्यायला आलेलं असतं. मी गाडी पुन्हा टोकाला नेतो.

आईला सांग, स्वेटर घालतो. तू आहेस तशीच राहा, मला लिहायला एक पत्ता लागतो.

तुझा,
इंद्रजीत

ता. क. तिला एवढंच सांग, गाडी एकटी नव्हती, आत मी होतो.