आठ दिवसांची फरशी

दतिया गेट, झाशी
श्रावण शु. ३, शके १८८६

तीर्थरूप सौ. अनुसूयाताईस, विद्याधरचा शि. सा. न. वि. वि.

आई ग्वाल्हेरला तुझ्याकडे सुखरूप पोचली, हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे जुने दगड उखडले. ज्याला अडखळून ती पडली, तो मी स्वतः बाहेर फेकला. आता सगळीकडे सिमेंटात संगमरवरी खडे बसवलेली चिप्सची फरशी, तोंड पाहून घ्यावे अशी! जयसिंग मिस्त्रीजी आठ दिवस म्हणाले आहेत. मी रेल्वेतला माणूस, वेळापत्रक मला कळते. पुढच्या सोमवारी आईला न्यायला येतो.

लोभ आहेच, तो वाढता राहो.
विद्याधर

ग्वाल्हेर
श्रावण व. २

चि. विद्याधरास अनेक आशीर्वाद.

तुझा सोमवार येऊन गेला. रेल्वेवाल्याने वेळ सांगावी आणि आम्ही ती खरी मानावी, चूक आमचीच!

पण थट्टा पुरे. आईने अजून ट्रंक उघडलेली नाही. वरची दोन लुगडी आलटून पालटून नेसते. शेजारच्या राधाबाईंना त्यांच्या मुलाने घराच्या डागडुजीचे सांगूनच लेकीकडे पाठवले होते, त्याला वर्षे लोटली. दोघी दुपारी ओसरीवर बसतात. काल आई म्हणाली, विदूला लिही की काय असेल ते सरळ सांग, मी समजून घेईन. मला रडू आले रे. गौरी जवळ आल्या. झाशीच्या घरात लग्न होऊन आल्यापासून गौर आईनेच आणली आहे. खरे काय ते कळव.

मुलांना पापा.
अनुसूया

झाशी
श्रावण व. ६

ती. ताईस शि. सा. न.

पत्र वाचले आणि तसाच लिहायला बसलो. आईला तिकडेच ठेवायचे माझ्या स्वप्नातही नाही. फरशी घालायला किती दिवस, एवढेच मी मिस्त्रीजींना विचारले. तिच्यावर राहायला किती, हे विचारलेच नाही. घालून ती आठ दिवसांतच झाली. पण मग तिच्यावर पाणी साठवायचे, मग घिसाई, म्हणजे दगडाने घासून गुळगुळीत करणे, भोके बुजवून पुन्हा घिसाई, आणि शेवटी पॉलिश. घाई केली तर खडे निघतील म्हणतात. त्यात श्रावणातली ओल. तुझी भावजय सरला वरच्या खोलीत स्वयंपाक करते आणि मला टोमणे मारते.

तरी खात्रीने लिहितो, गौर आईच आणील. फरशी होवो न होवो, शनिवारी येतोच.

तुझा विदू

झाशी
भाद्रपद शु. १०

ती. ताईस शि. सा. न.

काल गौर गेली. आई आली तेव्हा एकच घिसाई झाली होती. कच्च्या फरशीत रंग मुरेल, असे मिस्त्रीजींनी बजावले होते. आम्ही चटया अंथरल्या. गौर कधी चटईवरून येते का, म्हणत आईने त्या गुंडाळल्या आणि दारापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावले काढली. किती उत्साहात होती, तू पाहायला हवे होतेस.

आज पुसायला गेलो तर पावले जाईनात. मिस्त्रीजींनी कपाळाला हात लावला. पुढच्या घिसाईत निघतील, पण वेळ आणखी लागेल म्हणाले. मला तर भरून आले होते. आईला म्हटले, राहू देत, तुझ्या हातची खूण आहे.

त्यावर ती म्हणाली की खूण गेलेल्या माणसाची ठेवतात. गौर तिसऱ्या दिवशी जाते, मी काही जाणार नाही. मिस्त्रीजींना खुशाल घासायला सांग म्हणाली, आणि ट्रंक उघडून सगळी लुगडी कपाटात लावायला बसली.

फरशी केव्हा होईल ते आता लिहीत नाही. झाली की चालून बघायला ये. लोभ आहे, तसाच असू दे.

विद्याधर