पान १४३ वरची चूक

२८ एप्रिल १९९६, रविवार

आजही गाडीतच! मिस्साची उपासना सुरू व्हायला पाच मिनिटं असताना बाबाने चर्चसमोर गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि पेपर उघडला. ब्रिजिड म्हणाली, "आजोबा, चला ना आत. थंडी आहे." तर म्हणे, "गाडीत हीटर आहे."

बेचाळीस वर्षांची झाले मी. इतकी वर्षं दर रविवारी हा माणूस आम्हाला चर्चला आणतो, बाहेर बसतो आणि परत नेतो. एकदाही उंबरा ओलांडला नाही. मेथडिस्ट, प्रोटेस्टंट पंथातला, मान्य! पण मेथडिस्टांचे पाय कॅथलिक फरशीवर जळतात का? माझ्या लग्नातही आला नाही. सगळ्या गावासमोर मला वेदीपर्यंत नेलं ते बापाऐवजी मामाने.

आणि आई गेली तेव्हा! तीन वर्षं झाली, पण आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. चाळीस वर्षं संसार केलेली बायको शवपेटीत आणि हा रस्त्यापलीकडे पेपरकॉर्नच्या झाडाखाली उभा. हॅट हातात. चर्चच्या दाराकडे बघत. शेजारणी माना वळवून बघत होत्या. मी त्या दिवशी ठरवलं की हे मी माफ करणार नाही. केलेलं नाही.

पुढच्या महिन्यात, २६ तारखेला ब्रिजिडचं कन्फर्मेशन, श्रद्धा पक्की करण्याचा विधी, आहे. परतताना मी मुद्दाम विचारलं, "त्या दिवशी तरी येशील?"

"बघू."

बाबाचं 'बघू' म्हणजे नाही.

३० एप्रिल

चर्चच्या वाचनालयाची यादी. फादरांनी हौसेने काम दिलं: 'आपल्या कुटुंबांतल्या मुलांना द्याव्यात अशा ऐतिहासिक कादंबऱ्या.' पंचवीस हव्यात. सोबतीला मिसेस हॅनरहन. देवा, ही बाई! साठीची आहे, फुलांची आणि मेणबत्त्यांची सगळी जबाबदारी तिच्याकडे, आणि आता पुस्तकांचीही. तिची एकच कसोटी — "कार्मेल, यात कुणी वाईट वागत नाही ना?"

अहो, इतिहास आहे तो! वाईट वागल्याशिवाय कसा होईल?

तिने आणलेली सगळी पुस्तकं साखरेत घोळलेली. दुष्काळात उपाशी मरणारं पोर शेवटच्या श्वासाला दोन पानी प्रार्थना म्हणतं. ब्रिजिड म्हणाली, "इतका दम असता तर ते जगलं असतं."

दुसऱ्या बाजूची पुस्तकं त्याहून भयंकर. प्रत्येक पाद्री जाडा आणि लबाड. एकात तर सिस्टर मुलीचं कन्फेशन ऐकते आणि पापांची क्षमा करते! नन! ते फक्त पाद्रीच करू शकतो. दुसऱ्यात १८८० सालचा पोरगा भांडंभर लापशी चापून कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला जातो. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब चालत नसे तेव्हा. माझी आजी त्या उपासात चर्चमध्ये चक्कर येऊन पडली होती. लिहिण्याआधी एखाद्या म्हातारीला विचारायला काय जातं?

म्हणून माझी लाल पेन्सिल. समासात 'चूक!' लिहिते. तीन चुका झाल्या की पुस्तक बाद. माझं ठरलंय: गोड चालेल, कडू चालेल, खोटं चालणार नाही.

३ मे, शुक्रवार

ब्रिजिडशी कडाक्याचं भांडण.

निळ्या कव्हरची कादंबरी. तिने दोनदा वाचली, दोन्ही वेळा रडली. मी म्हटलं बघू तरी. चांगली निघाली! १९३४ साल, आपल्यासारखंच गाव, खाण बंद पडलेली, नोरा नावाची बारा वर्षांची मुलगी. भाषा खणखणीत. फादर माणसासारखा — थोडा चांगला, थोडा तापट. यादीत पहिला नंबर द्यायचा असं मनात घोळत होतं, आणि आलं पान १४३.

नोराची बहीण रेल्वेतल्या मेथडिस्ट मुलाशी लग्न करते. कुठे? सॅक्रिस्टीत! वेदीमागच्या खोलीत! जिथे फादर झगे चढवतात, जिथे झाडू आणि रिकाम्या वाईनच्या बाटल्या असतात. सकाळी सात वाजता, मागच्या दाराने, फुलं नाहीत, ऑर्गन नाही, मिस्सा नाही.

डोक्यात तिडीकच गेली. म्हणजे आम्ही कोण? आपल्याच मुलीला चोरासारखं मागून आत घेणारे? इतका जोर लावून 'चूक!!' लिहिलं की टोक मोडलं. खाली लिहिलं, 'कॅथलिक लग्न वेदीसमोर होतं. लेखिकेने आयुष्यात चर्च आतून पाहिलेलं नाही.' एकच चूक होती, पण पुस्तक बाद. अशी एक चूक तीन चुकांना भारी.

ब्रिजिड म्हणाली, "पण आई, खरं वाटतं ते."

"वाटतं आणि असतं यात फरक आहे. माझे आईवडील तसेच होते ना? ती कॅथलिक, तो मेथडिस्ट. त्यांचं झालं का झाडूंमध्ये लग्न?"

"तू होतीस तिथे?"

उलट उत्तर! खोलीत पाठवलं. जाताना दार असं आपटलं की भिंतीवरचा सेंट जोसेफ तिरका झाला. जेवायला ताट खोलीत घेऊन गेली.

५ मे, रविवार

पुस्तक गाडीत मागच्या सीटवर राहिलं. मिस्सानंतर बाहेर आलो तर बाबाच्या मांडीवर तेच, पेपर घडी घालून बाजूला. चष्मा नाकावर.

"काय, आवडलं?" मी विचारलं.

"वाचलं," म्हणाला, आणि गाडी सुरू केली. नवीन काय त्यात!

८ मे, बुधवार

ब्रिजिडने अबोला सोडला, पण कशासाठी! आईबाबाच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मावशीच्या बागेच्या फाटकापाशी दोघं. आई करड्या रंगाच्या सुटात, डोक्यावर छोटी टोपी. हातात पर्स.

"आजीने पांढरा झगा का नाही घातला?"

"युद्धानंतर कापड मिळत नव्हतं. रेशनिंग होतं." आईनेच सांगितलं होतं मला, कितीतरी वेळा.

"लग्न कधी झालं?"

"बावन्न."

"कपड्यांचं रेशनिंग अठ्ठेचाळीसला संपलं. शाळेत झालंय आम्हाला." आणि वर — "मग समासात काय लिहू आई? चूक?"

अगोचर कार्टी! कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही; फोटो उचलून नीट बघितला. चर्चमधला एकही फोटो नाही त्या लग्नाचा. फुलंही नाहीत, बागेत उभं राहूनसुद्धा. लहानपणापासून तो फोटो जाता-येता पुसला मी.

११ मे, शनिवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

बाद पुस्तकांचा खोका बांधायला घेतला. निळं पुस्तक टाकण्याआधी पान १४३ उघडलं — मिसेस हॅनरहनला दाखवायला, कसे लोक काय लिहितात. माझ्या लाल 'चूक!!' खाली सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलंय. ते चौकोनी अक्षर मी दारांच्या चौकटींवर, फळ्यांवर, माझ्या लहानपणच्या पाळण्याच्या तळाला पाहिलंय.

'चूक नाही. शनिवार, १४ जून १९५२. सकाळी सात. मी होतो.'

पान उलटलं. कादंबरीत नोराची बहीण कोटाला चोरून एक जाईचं फूल लावते. त्या ओळीपाशी — 'ऊनाला तेही लावू दिलं नाही.' ऊना, माझी आई.

एवढंच.

संध्याकाळ. मिसेस हॅनरहनकडे गेले होते. पुस्तक समोर धरलं. तिने वाचलं, आणि चेहरा उतरला.

"तुला माहीत नव्हतं?" म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं गं. बोलत नसू. दुसऱ्या पंथाशी लग्न म्हटलं की तसंच करायचे तेव्हा. साठ सालाच्या पुढे कधीतरी थांबलं." मग खाली बघत, एप्रनचं टोक चाळवत — "मी पंधरा-सोळाची होते. त्या खोलीत एक फुलदाणी असायची. फादर म्हणाले, ती उचलून बाहेर ठेव. मी ठेवली. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार होते, कार्मेल!"

आरडाओरडा केला मी. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या केकसमोर. सांगितलं, हे पुस्तक यादीत पहिलं येणार. म्हणाली, "मुलांना कशाला हे? पुन्हा उकरायचं कशाला?" कशाला! म्हणजे मुलांना त्या आपल्या गोड पुस्तकांतून सगळ्यांची लग्नं फुलांत झालेली वाचायला द्यायची, आणि मग माझ्यासारखी बेचाळिशीची बाई लाल पेन्सिलीने आपल्याच आईला चूक ठरवणार!

मी आईवरही चिडले आहे. रेशनिंग म्हणे! चर्च वाईट दिसू नये म्हणून माझ्याशी खोटं बोललीस. आणि बाबा हट्टी, बाबा दगड असं मी म्हणायचे तेव्हा समोर बसून ऐकून घेत होतीस.

१३ मे, सोमवार

फादरांनी जुनं रजिस्टर दाखवलं. आहे नोंद. स्थळाच्या रकान्यात 'सॅक्रिस्टी', शाई फिकी झालेली. आणि सोबत बाबाची सही — होणारी सगळी मुलं कॅथलिक म्हणून वाढवीन असं वचन. तरुण आहेत हे फादर, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या.

म्हणजे लग्न मागच्या खोलीत, आणि वचन मात्र पुढच्या आयुष्यभराचं! आणि त्या माणसाने पाळलं. पावसात, तापात, पाठ धरलेली असताना, दर रविवारी. एकही रविवार चुकला नाही. मी म्हणत राहिले की याला श्रद्धेचं काही पडलेलं नाही.

१९ मे, रविवार

बाबाकडे पास्टी, मांस-भाजी भरलेल्या करंज्या, भाजून नेल्या. त्याच्या आईच्या पद्धतीच्या, सलगम जास्त घालून. त्याने दोन खाल्ल्या. मी उगाच ओटा पुसत होते.

"बाबा, ते पुस्तक..."

"तुझी ती लाल पेन्सिल," म्हणाला, "फार दाबून लिहितेस. टोक मोडणारच." आणि माझ्या पिशवीतून ती काढून, कोपऱ्यातला चाकू घेऊन तासून दिली. नीट, लांब टोक. मला रडू आलं तर म्हणतो, "कांदा जास्त झाला का पास्टीत?"

माफ कर असं म्हणायचं होतं. ते न म्हणताच पेन्सिल पिशवीत टाकली.

२५ मे, शनिवार

यादी टाइप झाली. पंचवीस पुस्तकं. पहिलं निळं. मिसेस हॅनरहन सही करणार नाही म्हणाली. दुपारी स्वतःच आली, सही केली, आणि गेली.

ब्रिजिडने आजोबाला फोन केला. "उद्या पुढच्या दाराने या. मी हात धरते."

"बघू."

२६ मे, रविवार

आला नाही आत. करडा सूट घातलेला, बुटांना पॉलिश, आणि गाडीतच. मला राग आला! सगळं कळूनही राग आला.

ब्रिजिड फोटो काढत होती तेव्हा मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. दार लावलं. विचारलंच शेवटी. "आमचं राहू दे. पण आईच्या वेळी? त्या दिवशी तरी का नाही आलास?"

हॅट मांडीवर ठेवून तो चर्चच्या मोठ्या दाराकडे बघत होता.

"त्या दिवशी तिला पुढून नेलं ना," म्हणाला. "दोन्ही दारं सताड उघडून. फुलं, घंटा, ऑर्गन, सगळं. आत बसलो असतो तर दाराकडे पाठ झाली असती माझी."