दुसऱ्या भरणीचा आकडा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी ह्यांना आधार देऊन उभं करताना मला तुमचाच राग येतो. देवापुढे बसून गाऱ्हाणं घालते, की हा राग घे. उठताना तोच घेऊन उठते.

पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मिऱ्या बंदरावरच्या तुमच्या शेडमध्ये बर्फाच्या कारखान्यासाठी बांधलेली फायबरची टाकी उभी आहे. मी तुमचा आणि ह्यांचा डबा घेऊन आले आहे. टाकी तपासायला आलेले कॉलेजातले सर रुपयाएवढी चकती ग्रीस लावून टाकीला चिकटवतात. तिची वायर एका पेटीत जाते. पाणी चढतं तसे टाकीच्या भिंतीतले काचेचे धागे कुरकुरतात. आपल्याला ते ऐकू येत नाही, पेटी मोजते. सर म्हणाले, "पहिल्यांदा कुरकुरेलच. रिकामी करून परत भरली की तेवढ्या पाण्याला गप्प राहायला हवी. आधीच बोलली, तर आत तुटलंय समजा." मी मॅट्रिक, म्हणून आकडे लिहायला मला बसवलं आणि दुसरी भरणी लावून ते जेवायला गेले.

पाणी निम्म्यावर येतं न येतं तोच आकडा धावायला लागला. "बाबा, ही बोलतेय." तुम्ही हाताची राळ पुसत हसलात. "काय गो, टाकी मी बांधली की त्या पेटीने? मॅट्रिक झालीस म्हणजे मास्तरीण झालीस?" शिडीवरून हे म्हणाले, "मामा, परत एकदा बघूया तरी." "जावईबापू, तुम्ही पाइप धरा." आणि बटण दाबून तुम्ही पेटीवरचा आकडा पुसलात.

सरांनी माझी वही बघून सही केली. चौथ्या दिवशी कारखान्यात टाकी काठोकाठ भरताना फुटली. हे खाली नळ जोडत होते. पाय गुडघ्यापासून गेला. दवाखान्यात तुम्ही भिंतीकडे बघत "नशीब" म्हणालात. पुढे शेड विकलीत, पण 'चुकलं' एवढा शब्द शेवटपर्यंत तुमच्या तोंडून निघाला नाही.

ह्यांना मी आजवर सांगत आले, की बाबांनी माझ्या हातातलं पेन ओढून वहीत शून्य लिहिलं. तुम्ही पेनाला हातही लावला नव्हता. "तुझं तू बघ" म्हणून पाठ फिरवलीत, एवढंच. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल म्हणून घाबरले, आणि शून्य मी मांडलं.

हा कागद फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवते आहे. तिथे ह्यांना चढता येत नाही.