एकेक बंद करत

सोमवार
आजपासून मी कामाचा माणूस! प्राध्यापकांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हा मामा म्हणाला होता, तू विजेपेक्षा लवकर भडकतोस, वायरमनच हो. त्याने दिलेलं हे पहिलं स्वतंत्र काम. घर मोठं. सगळ्या खोल्यांचे दिवे जिन्याखालच्या कोठडीतल्या एकाच पॅनलवर, आणि सगळेच लुकलुकतात. पॅनलवर प्रत्येक खोलीचा एक बारीक दिवा, तोही. घरात मालक, त्यांची मुलगी आणि एक म्हातारं कुत्रं. मालक जेवतानाही दिव्याकडेच बघतात. मुलीने पाणी आणून दिलं. संपलो मी!

मंगळवार
मालकांना पद्धत समजावली: एकेक वस्तू बंद करत जायची, जी बंद केल्यावर दिवे शांत होतील, तीच लाइन खराब करते. त्यांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर – फरक शून्य. संध्याकाळी मला सापडलं: पॅनलचाच अडॅप्टर. नवा पिशवीत होता. बसवला नाही. मग उद्या कुठल्या निमित्ताने यायचं? ती हसून म्हणाली, "काय हो वायरमन, सापडेना ना?" म्हटलं, केस अवघड आहे.

गुरुवार
फ्रिज अजून बंदच, दूध नासलंय. मालकांनी घड्याळातले सेलही काढलेत. कुत्रं दिसेना. विचारलं तर म्हणाले, त्यालाही बंद केलं, उपयोग नाही झाला. ती जिन्यात पुटपुटली, लवकर कर रे, बाबा आता माझ्याकडे बघत बसतात. माझं डोकं फिरलं. मालकांवर ओरडलो. त्यांनी दंड धरून फाटकाबाहेर काढलं. पॅनलला हात लावायचाच राहिला. मूर्ख, मूर्ख मी.

शुक्रवार
मालकांनी हसत आत घेतलं. ती मावशीकडे गेली म्हणे. चपला दारातच आहेत तिच्या.
कोठडीत पॅनलपाशी शिरलो, तर बाहेरून कडी –
फोनला रेंज नाही. नवा अडॅप्टर बसवला. दिवे शांत. एकदम शांत.
बाहेर मालक टाळ्या वाजवतायत. म्हणतात, बघ, तीच होती.

थोड्या वेळाने
पॅनलवर वरच्या अडगळीच्या खोलीचा दिवा – चालू, बंद. चालू, बंद. कुणीतरी बटण दाबतंय. ती! जिवंत आहे –
टाळ्या थांबल्या. त्यांनाही जिन्यातून वरचा उजेड दिसला. म्हणतायत, नीट बंद नाही झाली.
पावलं. माझ्या डोक्यावरून, वर –
जुना अडॅप्टर परत लावला. लुकलुकू देत सगळे. ओरडतोय, ती नव्हती हो, मी आहे, मी –
पावलं थांबली.
उतरतायत.
कडी