डॅशबोर्डमागची गाठ

४ मार्च
मिळाली परवानगी! बाबा – म्हणजे माझे सासरे – त्यांच्या जुन्या गाडीला कुणाला बोट लावू देत नाहीत. पण डॅशबोर्डचे दिवे लागत नाहीत, म्हणून अंधार पडायच्या आत गाडी शेडमध्ये. नातीला, म्हणजे नणंदेच्या लेकीला, आजोबांबरोबर रात्रीची चक्कर हवीय. नणंदेने फोनवर लाडीगोडी लावली, तेव्हा कुठे "बघ बाई" म्हणाले. तेही नाराजीनेच.

नवरोबा म्हणे, "रेडिओ खोलला होतास, आठवतंय ना?" आठवतंय. नीट बसवलाही होता. एक स्क्रू उरला, एवढंच!

६ मार्च
बॅटरी सोडवली, डॅशबोर्ड पुढे ओढला. अहाहा! सगळं वायरिंग बाबांनी स्वतः केलेलं. वेणी घालावी तशा वायरी बसवल्यात. प्रत्येक जोडावर रंगीत दोरा – हॉर्नला लाल, दिव्यांना पिवळा – आणि दोऱ्याला त्यांची ती चपटी गाठ. दुसऱ्या कुणाला जमत नाही ती. मी अक्षरशः हात जोडले. असा माणूस घरात, आणि मी आजवर त्यांना फक्त "चहा ठेवू का?" एवढंच विचारत आले!

७ मार्च
बल्ब चांगले. फ्यूज चांगला. मग घोडं पेंड खातंय कुठे?

८ मार्च
सापडलं! दिव्यांची वायर जोडातून सुटलेली. तुटलेली नाही, जळलेली नाही. टोक दुमडून, टेप गुंडाळून बाजूला बांधलेलं. वर पिवळा दोरा, चपटी गाठ. म्हणजे बाबांनीच! विसरले असतील. दिली जोडून. दिवे लागले – मंद, पिवळे, इतके देखणे! सगळ्यांना हाका मारल्या.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "छान," म्हणाले आणि आत गेले. नणंदेला लगेच कळवलं – शनिवारी संध्याकाळी या. नात नाचतेय म्हणे.

९ मार्च
सासूबाई शेडमध्ये आल्या. एरवी फिरकत नाहीत.

"अगं, अंधारात त्यांना फाटकाचा खांबसुद्धा दिसत नाही आता. चष्म्यानं भागण्यातलं नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणतात. नातीला नाही म्हणायला काहीतरी निमित्त हवं ना?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा – ती मीच! खूप वाईट वाटलं. आणि तरी कौतुकच वाटत राहिलं. दुसऱ्या कुणी तटकन वायर तोडली असती. यांनी सबबसुद्धा किती निगुतीने बांधली.

१० मार्च
वायर पुन्हा सोडवली. टेप लावली. गाठ काही केल्या जमेना, सकाळ त्यातच गेली. जेवताना जाहीर केलं – दिवे परत गेले, माझ्याच्याने व्हायचं नाही. नवरोबा पोट धरून हसले. हसू देत. नणंद फोनवर म्हणाली, मग आम्ही दुपारीच येतो.

 बाबांनी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

११ मार्च
बाबा गाडी पुसत होते. हात डॅशबोर्डखाली गेला आणि तिथेच राहिला.

"गाठ उलटी बसलीय," म्हणाले. "ये, शिकवतो."