दाढेवरची कॅप

दादा,

डबीत तू बसवलेली कॅप आहे. आज दुसऱ्या डॉक्टरांकडून काढून घेतली. दाढेच्या मुळात रूट कॅनलच्या सुईचं टोक मोडून राहिलंय म्हणाले. हात कुणाचाही चुकतो, म्हणून मी तिथे तुझीच बाजू घेतली.

घरी येऊन जुन्या एक्स-रेसाठी तुझा खण उघडला. एक्स-रेवर त्या टोकाभोवती तूच लाल पेनाने गोल केलाय, तारीख मार्चची. आणि मार्चपासूनच तू आईला सांगतोयस, हिच्या दाढेला काही झालेलं नाही, नाटकी आहे ती. आईने माझ्यासाठी मऊ भात करणंही सोडलं.

टोक ते डॉक्टर काढतील, नवी कॅपही बसवतील. आईला मात्र तूच सांगायचंस, मी सातला परत यायच्या आत.

तुझी,
नाटकी